पॅकेटातली कोल्ड कॉफी खरवडीसारखी का लागते?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. तारकर्लीला आमचं छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, जेवण घरचंच, आई आणि बायको बघतात. गेली दोन वर्षं एक नवीनच खूळ आलंय, पाहुणे म्हणजे खास करून पुण्यामुंबईकडची कॉलेजची पोरं दुपारी समुद्रावरून आली की सोलकढी नको कोकम नको, पहिला प्रश्न "दादा कोल्ड कॉफी आहे का?" आता आमच्या घरात सगळे चहावाले, कॉफी म्हणजे कुणाचं डोकं धरलं तर नाहीतर एकादशीला. म्हणून यंदा मी मालवणातून तयार मिळते ती आणायला लागलो, कागदी खोक्यातली, बाटलीतली, कॅनमधली, मिळेल ती. खपते, नाही असं नाही. पण अर्धी टाकून जातात, ग्लास उचलताना कळतं ना.

परवा पाहुणे नव्हते तेव्हा रात्री पडवीत बसून आम्ही सगळ्यांनी तीन प्रकारच्या फोडल्या, स्टीलच्या वाट्यांत ओतून, भावाने तर उदबत्ती विझवायला लावली म्हणे वास नीट कळायला हवा. खोक्यातली गोडच गोड, कॉफी कुठेतरी लांबून हाक मारतेय असं. काचेच्या बाटलीतली दुधाची होती तिचा रंगच दाट, चहात बिस्कीट विरघळलं की होतो तसा, आणि तळाला तपकिरी थर चिकटलेला, हलवूनही निघेना. आजीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "ही कॉफी खंयची? दुधाच्या टोपाक लागलेली खरवड काढून पाण्यात ढवळल्यासारी लागता." झालं, तिने असं म्हटल्यावर मला दुसरं काही लागेचना. तिसरी कॅनमधली काळी, बिनदुधाची, ती आंबट. आईने तोंड वाकडं करून वाटी खाली ठेवली.

तर विचारायचं असं की ही चव अशी का येते, माल जुना आहे की दुकानदाराने उन्हात ठेवला होता की ती असतेच अशी? आणि पाहुण्यांना देण्यासारखं काही बरं घरी करता येईल का, मशीनबिशीन न घेता. लाईटचं आमच्याकडे तुम्हाला माहीतच आहे.

उगाच_एक
तारकर्लीत येऊन कोल्ड कॉफी मागणाऱ्याला कोकम सरबताचे पैसे डबल लावा. प्रश्न मिटला.

दूधवाला_माजी
खाडीकाठ, पहिलं म्हणजे तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा. मी बरीच वर्षं कोल्हापूरकडे दुधाच्या प्लांटमध्ये काम केलं आणि आम्हाला जे शिकवायला लोकांना वर्ग घ्यावे लागायचे ते त्यांनी एका घोटात सांगितलं. ती खरवडच आहे. अक्षरशः.

बघा, दुधाचं काहीही सहा-आठ महिने फ्रीजबाहेर टिकवायचं म्हणजे त्यातले जंतू आणि त्यांचे बीजाणू सगळे मारायला लागतात, आणि ते नुसत्या उकळीने मरत नाहीत. दोन रस्ते आहेत. कागदी खोक्यातलं असतं ते १३५ ते १४० अंशाला काही सेकंदच तापवतात आणि लगेच थंड करून निर्जंतुक खोक्यात बंद करतात. काचेच्या बाटलीतलं बऱ्याचदा उलट, आधी बाटलीत भरून बूच लावायचं आणि मग बाटलीसकट मोठ्या कुकरसारख्या यंत्रात ११५-१२० अंशाला दहावीस मिनिटं. आता दहावीस मिनिटं दूध आणि साखर त्या तापमानाला राहिली तर काय होणार, दुधातली प्रथिनं आणि दुधातलीच साखर एकमेकांशी संयोग पावून तपकिरी होतात, घरी बासुंदी आटवताना टोपाच्या कडेला जे होतं तेच. म्हणून बाटलीतलीचा रंग दाट आणि चव खरवडीची, आणि खोक्यातलीला तो वास कमी. माल जुना असला किंवा उन्हात पडला असला तर ते आणखी वाढतं, ती क्रिया साध्या तापमानालाही हळूहळू चालूच राहते. म्हणजे दुकानदाराला अगदीच निर्दोष सोडू नका पण मूळ चव त्याची नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कॉफी आंबटसर असते, दूध जवळजवळ आंबट नसलेलं. दोन्ही एकत्र करून एवढं तापवलं तर फाटायला बघतं. म्हणून आंबटपणा मारायला फॉस्फेटचे क्षार नाहीतर खायचा सोडा घालतात. खोक्यावर बारीक अक्षरात ३३९, ३४०, ५०० असे आकडे दिसतील ते हेच. कायद्याने चालतं, विष नाही, पण होतं काय की कॉफीचा जो चटका असतो, जो आंबटपणाच आहे थोडासा, तोच निघून जातो आणि उरतं सपाट गोड तपकिरी दूध. तुम्ही म्हणता ना लांबून हाक मारतेय, ते यामुळे. आणि ४०७ लिहिलेलं दिसलं तर ते कॅरागीनन, लाल समुद्री शेवाळातून काढतात, आपण चायना ग्रास वापरतो ते पण शेवाळाचंच. ते दुधाच्या प्रथिनांना धरून हलकंसं जाळं करतं म्हणून कण तळाला बसत नाहीत. तुमच्या बाटलीत थर बसला म्हणजे ते जाळं ढिलं पडलेलं, बहुतेक बाटली जुनी किंवा गरम-थंड गरम-थंड झालेली. तारीख बघा. बूच फुगलं असेल किंवा उघडताना हवा सुटल्यासारखा आवाज येऊन आंबूस वास आला तर मात्र चाखायलाही नको, सरळ ओतून द्या.

कुडाळ_कोल्ड्रिंक
भाऊ माझं दुकान आहे हायवेला आणि दुकानदाराची बाजू मांडतो. पहिल्या वादळात लाईट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. त्यात अर्धे दुकानदार रात्री फ्रीज बंदच करतात, बिल कोण भरणार. सकाळी आठला चालू केला की दहा वाजता गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं थंड नाही. खोक्यातला माल त्याने खराब होत नाही, तो बाहेर राहायलाच बनवलाय, पण चव मारली जाते हे खरं. आणि एक बघा, तोच पॅक चिल्ड दिला तर लोक म्हणतात मस्त आणि कोमट दिला तर म्हणतात पाक प्यायल्यासारखं. माल तोच. हे का होतं ते मला आजपर्यंत कळलं नाही.

दूधवाला_माजी
कुडाळवाले, ते जिभेचं आहे. गोड ओळखणारी जिभेवरची यंत्रणा थंडीत सुस्तावते, गरम झाली की जोरात चालते. वितळलेलं आइस्क्रीम पिऊन बघा, असह्य गोड लागतं, गोठलेलं असताना तेच ठीक असतं. तयार कोल्ड कॉफीवाले ४-५ अंशाला पिणार असं धरून साखर टाकतात. लाईट गेलेल्या फ्रीजात ती वीस अंशाला आली की मग पाकच. म्हणजे खाडीकाठच्या पडवीत त्या वाट्यांमध्ये ओतून ठेवल्या तेव्हा बोलता बोलता गरमच झाल्या असणार, त्याचेही थोडे मार्क द्या.

आता पॅकच्या मागे "ॲडेड शुगर" वेगळी लिहिलेली असते ती बघायची. नुसती "टोटल" बघू नका कारण दुधात स्वतःची साखर असतेच, १०० मिलीला साडेचार-पाच ग्रॅम. माझ्या घरात आत्ता एक पडलाय त्यावर वरून घातलेली १०० मिलीला ८ ग्रॅम आहे, पॅक २०० मिलीचा, म्हणजे १६ ग्रॅम, चहाचे साडेतीन-चार चमचे. चहात तुम्ही चार चमचे घालाल का.

बोटीवरचा
मी दाभोळचा, मर्चंट नेव्हीत, आत्ता सुट्टीवर आहे. ह्या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे कारण आयुष्यात पाण्याच्या खालोखाल कॅनमधली कॉफीच प्यायलोय 😄

जपानात बंदरातून बाहेर पडलं की पहिलं दिसतं ते रस्त्यावरचं मशीन, नाणं टाका कॅन घ्या. आणि एकाच मशीनमध्ये गरमपण आणि थंडपण, खाली लाल पट्टी असली की गरम, निळी असली की गार. थंडीत कोबेला डेकवरून उतरून तो गरम कॅन आधी दोन्ही हातांत धरायचा, गालाला लावायचा, मग फोडायचा. दुधाच्या कॉफीचा कॅन तिथेच १९६९ ला यूसीसी नावाच्या कंपनीने आणला, कोबेचीच कंपनी. गोष्ट अशी सांगतात की त्यांचा मालक स्टेशनवर बाटलीतली कॉफी पीत होता, तेव्हा बाटली दुकानात परत द्यावी लागायची, गाडी सुटायला लागली आणि अर्धी कॉफी टाकून पळावं लागलं, तिथून डोक्यात आलं की बरोबर नेता येईल असं काहीतरी पाहिजे. मला ती गोष्ट पटते, आपल्याकडे रत्नागिरी स्टेशनवर वडापाव अर्धा टाकून किती जण पळालेत.

पण मुद्दा चवीचा. जपानी दुधाच्या कॅनलाही तुमच्या आजी म्हणतात ती खरवड आहेच, कॅनपण बंद करून तापवतात ना. पण तिकडे लोकांना तीच चव आवडते, लहानपणापासूनची आहे. आपल्याला गाडीवरच्या उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाची आवडते तशी. कोणी फाइव्ह स्टारचा चहा दिला तर आपण म्हणतो पाणचट.

काळी आंबट का लागली ते मला एका चीफ कुकने सांगितलं होतं आणि नंतर वाचलंही, कॉफी भाजताना जे काही तयार होतं त्यातले काही घटक पाण्यात राहिले की हळूहळू ॲसिड होतात. थर्मासमधली सकाळची काळी कॉफी संध्याकाळी आंबट झालेली असते ना, तेच. कॅनमध्ये महिनोन्महिने. त्यावर उपाय काही नाही, ताजी करा नाहीतर चिमूटभर मीठ टाका. मीठ कडूपणा झाकतं, आंबट मात्र राहतं. मी बोटीवर मीठ टाकून प्यायचो, लोक हसायचे.

अजून एक, स्ट्रॉने पिऊ नका. कॉफीची अर्धी चव नाकात असते, आधीच थंड वस्तूला वास कमी सुटतो आणि त्यात तुम्ही खोक्याला बारीक भोक पाडून नळीने ओढताय म्हणजे नाकाला काहीच मिळत नाही. रुंद ग्लासात ओतून द्या, त्याच खोक्यातली बरी लागेल. पाहुण्याला वाटेल घरची आहे.

उगाच_एक
म्हणजे फसवायचं. हे आवडलं.

जायफळ_काकू
मी दापोलीजवळची. सगळं वाचलं, माहिती छान आहे पण एक कोणी बोलला नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे कॉफी म्हणजे जायफळाची. माझ्या सासूबाई दुधात साखर, कॉफी आणि सहाणेवर उगाळलेलं जायफळ घालायच्या, कार्य असलं की रात्री मांडवातल्या सगळ्यांना तीच. त्याला "कॉफी" म्हणायचे पण खरं म्हणजे ते जायफळाचं दूधच. आता ह्या तयार पॅकांमध्ये हेजलनट आहे, व्हॅनिला आहे, कॅरॅमल आहे, आणि ज्या कोकणात जायफळाची झाडं पोफळीत उभी आहेत, आमच्या दापोलीच्या ज्या कृषी विद्यापीठाने कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद अशा जायफळाच्या जाती काढल्या, तिथल्या होमस्टेत पोरांना हेजलनटवाली खोकी द्यायची? मला हे पटत नाही हो. हेजलनट कुणी पाहिलंय आपल्यात.

खाडीकाठ, तुमच्या बायकोला सांगा, मी करते तसं करून बघा. फिल्टर कॉफीची पावडर आणा, इन्स्टंट नको. पाकिटावर कॉफी किती चिकोरी किती लिहिलेलं असतं, निम्म्याहून थोडी तरी जास्त कॉफी असायलाच लागते असा नियम आहे, ७०-३० मिळाली तर चांगली. चिकोरीत ते जागं ठेवणारं काही नसतं, पण ती रंग देते आणि थोडा दाटपणा येतो, थंड दुधात ते बरं वाटतं. १०० ग्रॅम पावडर एक लिटर थंड पाण्यात घालायची, स्टीलच्या डब्यात, झाकण लावून रात्रभर फ्रीजात, बारा तास तरी. थोडा वेळ लाईट गेली तरी फ्रीज उघडला नाही तर काही होत नाही. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि पिळायची नाही, पिळलं की कडूजहर गाळ उतरतो, नुसती टांगून ठेवा, चक्क्यासारखी. चहाच्या गाळणीने गाळू नका, पावडर बारीक असते, सगळी खाली येते.

साखर वेगळी. साखरेचा पाक करा, साखर आणि पाणी सारखं, आणि गरम असतानाच त्यात जायफळ उगाळून घाला. थंड दुधात जायफळ घातलं तर नुसतं वर तरंगतं, वास सुटत नाही, त्याचं तेल गरम पाकात नीट उतरतं. अर्धा लिटर पाकाला अर्ध्या जायफळापेक्षा जास्त नको हो. जास्त झालं तर औषधासारखं लागतं आणि पाहुणे संध्याकाळपर्यंत उठायचे नाहीत.

मागणी आली की ग्लासात बर्फ, दोन मोठे चमचे पाक, ग्लासाच्या पाव भाग कॉफीचं पाणी आणि वरून गार दूध. आधी एकत्र करून ठेवायचं नाही, तेच पॅकवाल्यांना करावं लागतं म्हणून बिचाऱ्यांना सगळी भट्टी लावावी लागते. तुम्हाला गरजच नाही. बर्फ पण त्याच कॉफीच्या पाण्याचा थोडा लावून ठेवा, विरघळला तरी पाणचट होत नाही.

बोटीवरचा
काकू दंडवत. ग्रीसमध्ये इन्स्टंट कॉफी पाण्यात घालून बरणीत खळखळ हलवून फेस काढतात, फ्रापे म्हणतात, दूध असलं तर असलं. १९५७ च्या कुठल्याशा व्यापारी जत्रेत गरम पाणी मिळालं नाही म्हणून थंड पाण्यात हलवली आणि तिथून सुरू झालं, थेसालोनिकी गाव. खाडीकाठ, अगदीच घाई असली तर तेही चालतं, रिकामी जॅमची बरणी पुरे. पण काकूंची ऐकून आता मला तीच प्यायचीय.

माडाखाली
नारळाच्या दुधात कोणी करून बघितली का? आमच्याकडे गायीचं दूध न पिणारे पाहुणे येतात, व्हीगन म्हणतात. नारळ आपला, घरचा. मी विचार करतोय सोलकढीला काढतो तसं दूध काढून त्यात टाकावं.

जायफळ_काकू
करता येईल पण बर्फ नको आणि फ्रीजात ठेवू नका. खोबरेल थंडीत थिजतं ते माहीत आहे ना, २४-२५ अंशाखाली गेलं की घट्ट. तेच ग्लासात होतं, वर पांढरे कण येतात, मेणासारखे टाळूला चिकटतात. दुसरं पातळ दूध घ्या, पहिलं दाट नको, आणि लगेच द्या. माठातल्या पाण्याइतकं गार पुरतं.

खाडीकाठ
मंडळी आठ दिवसांनी येतोय, माफ करा, मे महिना आहे आणि चारही खोल्या भरलेल्या.

केली. पहिल्या दिवशी मी काकूंचं न ऐकता फडकं पिळलंच, म्हटलं एवढी महाग पावडर वाया कशाला, तो सगळा लॉट कडू झाला, भावाला पाजला. दुसऱ्या दिवशी नीट टांगली, परसातल्या पेरूच्या फांदीला. गाळलेलं पाणी बघून आई म्हणाली काळ्या गुळाच्या काकवीसारखा रंग आलाय. पाक पण केला, जायफळ बागेतलं नव्हतं, बाजारातून आणलं, बायकोने सहाणेवर उगाळलं, घरभर लग्नघराचा वास.

मग परत पडवी, परत वाट्या, पण ह्या वेळी बोटीवरच्यांचं ऐकून रुंद ग्लास. एका ग्लासात खोक्यातली एकदम गार करून, एकात घरची. खरं सांगायचं तर खोक्यातली पण रुंद ग्लासात आणि बर्फासारखी गार असताना तितकी वाईट नाही लागली, दूधवाल्यांचं म्हणणं पटलं, म्हणून ती पण ठेवतोय, रात्री अकराला कोणी मागितली तर कोण उगाळत बसणार. पण घरचीला कॉफी समोर येऊन उभी राहते. आजी अख्खा ग्लास प्यायली आणि म्हणाली, "ही बरी आसा. पण साखर कितकी घातलंस रे, माका काय डायबेटीस करूचो आसा?" तर पाक दोनाचा दीड चमचा केला.

पाहुण्यांचं म्हणाल तर पहिल्या दिवशी सहा ग्लास गेले, एकही अर्धा परत आला नाही. एका पोराने विचारलं हा कुठला फ्लेवर आहे, मी म्हटलं जायफळ, तर म्हणाला "म्हणजे नटमेग लाटे", असेल बाबा. साठ रुपये लावलेत, जास्त वाटतात का सांगा. आणि एक विचारायचं राहिलं, गाळलेलं पाणी फ्रीजात किती दिवस राहतं? रोज रात्री भिजत घालायला कंटाळा येतो.

कुडाळ_कोल्ड्रिंक
साठ बरोबर आहेत. खोकं मी चाळीसला विकतो आणि त्यात मला कोणी थँक्यू पण म्हणत नाही.

जायफळ_काकू
चार-पाच दिवस आरामात, बिनदुधाचं आणि बिनसाखरेचं असेल तर. दूध घातलेलं मात्र त्याच दिवशी संपवायचं. काचेच्या बरणीत घट्ट झाकणाचं ठेवा, कॉफी आजूबाजूचा वास लगेच धरते. आणि तुमचे बांगडे सुरमई ठेवता त्या फ्रीजात तर अजिबात नको.

खाडीकाठ
काकू हे परवा सांगायला हवं होतं.